व्यसन नाही, मिश्री लावते

आमच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांचा दवाखाना होता. बाहेरच्या बाकड्यावर बसलं की आतून तीन वास यायचे: स्पिरिटचा, लाल मिक्श्चरचा आणि सिगारेटचा. डॉक्टर टेबलाशी बसूनच ओढत. पेशंट आत गेला की जळती सिगारेट ॲश-ट्रेच्या खाचेत टेकवत, स्टेथोस्कोप कानाला लावत आणि म्हणत, "हं, मोठा श्वास घ्या." छाती-पाठ तपासून होईपर्यंत सिगारेट तिथेच जळत राहायची. मग ती उचलून, एक झुरका घेऊन ते औषध लिहायला लागत. मी सात-आठ वर्षांची असेन. आईचा पदर धरून उभी असायची आणि राखेची लांबत गेलेली कांडी कधी पडते याकडे माझं लक्ष लागलेलं असायचं.

यात कुणाला काही खटकत नव्हतं. आमचं निपाणी म्हणजे कर्नाटकाच्या सीमेवरचं तंबाखूचं गाव. इथली काळी जमीन बिडीच्या तंबाखूला मानवते. अक्कोळ, गळतगा, भोज, कारदगा, कुठल्याही बाजूला गेलं तरी रानात तीच. शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, पानं वाळवायची, आणि मग माल गावातल्या वखारीत. वखारीत बायका तो चाळायच्या, पाखडायच्या, पोती भरायच्या. नवा माणूस वखारीच्या बोळात शिरला की पहिल्या दहा पावलांत ठसकायचा. आम्ही पोरं ठसकत नव्हतो. ओल्या पानांत दिवसभर राबलेल्या माणसाला चक्कर यायची, उलट्या व्हायच्या, तेव्हा म्हातारी माणसं म्हणत, "तंबाखू लागली त्येला." पानातलं निकोटिन कातडीतून अंगात उतरतं, हे मी पुढे नर्सिंगच्या पुस्तकात वाचलं. गावाला ते फार आधीपासून माहीत होतं, फक्त त्याला औषधाचं नाव नव्हतं.

आई वखारीत होती. नाकातोंडाला पदर बांधून सकाळी जायची, दिवेलागणीला यायची. हात साबणाने दोनदा धुतले तरी तिच्या भाकरीला तंबाखूचा वास असायचा आणि तो मला घराचा वास वाटायचा.

१९८१ साली मी शाळेत होते. मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर बसले, शेतकरी संघटनेचे शरद जोशी आले, आणि ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. शेतकरी मेले. त्या दिवसांत तंबाखू वाईट की चांगली, असा प्रश्न आमच्याकडे कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. ज्या पिकाच्या भावासाठी माणसं रस्त्यावर मेली, ते पीक म्हणजे पोरांच्या फिया होत्या, लग्नं होती, डॉक्टरांची फीसुद्धा होती. हे मी आजही विसरत नाही. तंबाखूच्या विरोधात बोलणाऱ्या शहरी माणसाने निपाणीत येऊन बोलताना आधी थोडा वेळ गप्प बसावं, असं मला मनापासून वाटतं.

तर, कोण काय घेतो यावरून माणूस ओळखू यायचा. डॉक्टर, वकील, मामलेदार सिगारेट ओढत. हमाल आणि गाडीवान बिडी. शेतकऱ्याच्या कनवटीला तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी. आणि बायका मिश्री लावत. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची आणि तोंडात तशीच ठेवून चूल पेटवायची. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा, वखारीतून आल्यावर एकदा. आईच्या डबीचं झाकण उघडल्याचा टक् असा आवाज मला अजून ऐकू येतो. तिला कुणी व्यसनी म्हटलं असतं तर ती रडली असती.

नर्सिंगला मी बेळगावला आले. तिथे एका सरांनी आम्हाला इंग्लंडच्या डॉक्टरांची गोष्ट शिकवली. परीक्षेपुरती पाठ केलेली ती गोष्ट माझ्या मनातून पुढे कधी गेलीच नाही.

फुप्फुसाचा कॅन्सर इतका का वाढतोय, हे शोधायला डॉक्टर रिचर्ड डॉल आणि संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी लंडनच्या हॉस्पिटलांमधल्या पेशंटांना विचारायला सुरुवात केली. डॉल यांचा पहिला संशय होता रस्त्यांच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर. सिगारेटवर नव्हे; ती तर सगळेच ओढत, तेही ओढत. आकडे हाती येऊ लागले तसं काम संपायच्या आत डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. १९५० साली सिगारेटकडे बोट दाखवणारा त्यांचा निबंध छापून आला. लोकांनी फारसा विश्वास ठेवला नाही. मग त्यांनी ठरवलं की आजाऱ्यांना मागे वळून विचारण्याऐवजी धडधाकट माणसांना आज विचारायचं आणि पुढे वाट पाहायची. त्यासाठी त्यांनी निवडले डॉक्टर. डॉक्टरांची नोंदवही असते, पत्ता बदलला तरी सापडतात, आणि मेले की मृत्यूचं कारण नीट लिहिलेलं मिळतं. १९५१च्या ऑक्टोबरअखेरीस सुमारे ५९,६०० डॉक्टरांना एक छोटी प्रश्नपत्रिका गेली. ओढता का, किती ओढता, कधीपासून, सोडली असेल तर कधी. ४० हजारांवर उत्तरं आली.

मग वाट पाहणं. अडीच वर्षंही झाली नव्हती तोवर, १९५४च्या पहिल्या अहवालात, पस्तिशीच्या पुढच्या पुरुष डॉक्टरांपैकी ७८९ जण मेलेले होते. त्यांतले ३६ फुप्फुसाच्या कॅन्सरने. त्या ३६ जणांत आयुष्यात कधीच न ओढलेला एकही नव्हता.

हे ३६ जण मला फार जवळचे वाटतात. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. ते कुठल्या तरी गावात दवाखाना चालवत असतील, पेशंटची छाती तपासताना जळती सिगारेट बाजूला ठेवत असतील, आमच्या डॉक्टरांसारखे. त्यांच्या हाती एक कागद आला, त्यांनी खरं खरं लिहून तो पोस्टात टाकला, आणि पुढे स्वतःच्या मरणाने त्या उत्तराचा अर्थ जगाला सांगितला. तो अभ्यास पुढे पन्नास वर्षं चालला. २००४ साली शेवटचा हिशेब आला तेव्हा डॉल नव्वदी ओलांडलेले होते. आयुष्यभर ओढणारा सरासरीने दहा वर्षं आधी जातो, असा तो हिशेब. साठीला सोडली तर तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ, आणि तिशीला सोडली तर जवळपास सगळी. हा हिशेब मी वॉर्डात किती पेशंटांना बोटांवर मोजून दाखवला असेल, त्याची गणती नाही. माणसाला "मरशील" म्हटलेलं ऐकू येत नाही. "नऊ वर्षं परत मिळतील" म्हटलं की तो मान वर करतो.

याच काळात अमेरिकेत काय चाललं होतं? तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेचं साप्ताहिक १९३३ पासून १९५३ पर्यंत सिगारेटच्या जाहिराती छापत होतं. १९४६ साली कॅमल कंपनीने जाहिरात काढली, की इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा डॉक्टर कॅमल जास्त ओढतात. म्हणे १,१३,५९७ डॉक्टरांना विचारून हे काढलं. चित्रात पांढऱ्या कोटातला, प्रेमळ चेहऱ्याचा डॉक्टर. त्या जाहिराती पाहिल्या की मला राग येतो, आणि राग कंपनीपेक्षा त्या कोटाचा येतो. पांढरा कोट विकत देता येत नाही, अशी माझी समजूत होती. पण त्याच देशात पुढे असंही झालं, की त्या काळी निम्म्याहून जास्त डॉक्टर ओढत होते आणि १९९०च्या आसपास शंभरात तीन-चारच उरले. एका पिढीने सवय बदलली. बंदीने नव्हे, आकडे डोळ्यांसमोर होते आणि ते आपल्याच धंद्यातल्या माणसांचे होते.

सगळीकडे तसं झालेलं नाही. चीनमध्ये २००४ साली सहा शहरांतल्या डॉक्टरांना विचारलं तर पुरुष डॉक्टरांपैकी ४१ टक्के ओढणारे निघाले, बायका एक टक्का. तिथे सिगारेटचं खोकं ही भेट देण्याची वस्तू आहे. लग्नात द्यायची, साहेबाला द्यायची, ऑपरेशन झालं की डॉक्टरलाही द्यायची. आणि सिगारेट बनवणारी कंपनी सरकारची. जपानमध्येही तंबाखूच्या मोठ्या कंपनीत सरकारचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा आहे. पण तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने स्वतःच्याच सभासदांना विचारायला घेतलं. २००० साली पुरुष डॉक्टरांपैकी २७.१ टक्के ओढत होते. दर चार वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि आकडा खाली खाली येत गेला. नुसतं विचारत राहण्यातही काही जोर असतो, असं मला जपानवरून वाटतं.

देशोदेशीच्या अशा पाहण्यांमधून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: जो डॉक्टर स्वतः ओढतो, तो पेशंटला कमी वेळा विचारतो आणि कमी वेळा सोडायला सांगतो. वाचायला ही ओळ साधी आहे. माझ्या घरात तिचा अर्थ वेगळा आहे.

आमच्या हॉस्पिटलच्या केस-पेपरवर एक रकाना असायचा, हॅबिट्स. पुरुषांपुढे आम्ही लिहायचो: बिडी, रोज एक कट्टा, वीस वर्षं. बायकांपुढे लिहायचो: निल. मी विचारत नव्हते असं नाही. कन्नड बोलणारी असली तर "तंबाकू तिंतीरेनु?" आणि मराठी बोलणारी असली तर "काही व्यसन आहे का, मावशी?" ती घाईने मान हलवायची. "छ्या, व्यसन कसलं बाई! मिश्री लावते तेवढी." आणि मी, मिश्रीच्या वासात वाढलेली, वखारीत काम करणाऱ्या बाईची पोर, निल लिहायची. कारण मिश्री माझ्याही डोक्यात दात घासण्यात मोडत होती. कारण तो रकाना ज्यांनी आखला त्यांच्या डोळ्यांपुढे सिगारेट ओढणारा पुरुष होता. आणि कारण राउंडला येणाऱ्या डॉक्टरांपैकी कुणी कधी म्हटलं नाही, "सिस्टर, हे निल कसं? हिच्या हिरड्या बघा."

२०१६-१७ सालच्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या मोठ्या माणसांपैकी २८.६ टक्के कुठली ना कुठली तंबाखू घेतात असं निघालं. धूर काढणारे १०.७ टक्के. आणि चघळणारे, लावणारे, तोंडात धरणारे २१.४ टक्के, म्हणजे दुप्पट. ही दुप्पट माणसं आमच्या निलमध्ये बसली होती. डॉक्टर सिगारेट ओढतात का, किती ओढतात, हे जगभर मोजलं गेलं ते योग्यच आहे. पण इथे सीमेवर, निपाणी-चिकोडी-हुक्केरीच्या पट्ट्यात, धुराकडे बघणाऱ्या डोळ्यांना आमच्या बायका दिसतच नाहीत. मुंबईत गरोदर बायकांचा अभ्यास झाला, २००४ साली छापून आला. बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरली. घेणाऱ्यांत मिश्री लावणाऱ्याच पुष्कळ होत्या. मी लेबर वॉर्डात सहा वर्षं काढली. किती बाळं काट्यावर ठेवली, वजन लिहिलं, आणि आईला विचारलं नाही.

आईचं १९९७ साली गालाच्या आतून दुखायला लागलं. गरम चहा झोंबायचा. तोंड आलंय, म्हणून तिला एका दवाखान्यात बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, निळं औषध लावायला दिलं. जवळजवळ वर्ष गेलं. मी बेळगावला नोकरीत, महिन्यातून एकदा घरी. ती मला सांगायची नाही. नर्स झालेल्या पोरीला त्रास कशाला! गालाच्या आत पांढरा चट्टा होता, तो केव्हाचा होता कुणास ठाऊक. मला दिसला तेव्हा त्याच्या मधोमध जखम झालेली होती आणि जबड्याखाली गाठ हाताला लागत होती. पुढचं लिहीत नाही. १९९८च्या दिवाळीला ती नव्हती.

तिला त्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी पाहिलं. कुणी तिला मिश्रीचं विचारलं नाही. एकाच्या टेबलावर सिगारेटचं पाकीट होतं, हे मला तिच्याबरोबर गेलेल्या मावशीने सांगितलं, आणि ते मी इतकी वर्षं विसरू शकलेले नाही. पाकीट नसतं तर त्याने विचारलं असतं का? मी स्वतः ओढत नव्हते आणि मीही विचारत नव्हतेच.

गल्लीतल्या आमच्या डॉक्टरांना मी नंतर बऱ्याच वर्षांनी भेटले. छातीत कळ येऊन गेली होती, सिगारेट सुटली होती, दवाखाना आठवड्यातून तीनच दिवस उघडत. माणूस देवासारखा. रात्री-अपरात्री स्कूटरवरून येणारा, पैसे नसले तर पुढच्या हंगामात द्या म्हणणारा. त्यांच्याविषयी वाईट लिहायला माझा हात धजत नाही, आणि जे झालं ते झाकायचंही नाही. टेबलावर ॲश-ट्रे होती तिथे आता गोळ्यांचे नमुने ठेवलेले होते. आईचा विषय त्यांनीच काढला.

"तिच्या हिरड्या मी किती वर्षं बघत होतो. ताप असू दे, खोकला असू दे, जीभ दाखवा म्हणायचो तेव्हा दिसायच्याच की."

मी काही बोलले नाही.

"मिश्री सोडा म्हणायचं अनेकदा ओठावर यायचं. पण वाटायचं, ती उलट विचारेल. तुमचं काय, डॉक्टर? हातात सिगारेट असताना काय सांगणार होतो मी?"

मी त्यांच्या पाया पडून निघाले. बसस्टँडवर येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. आईने आयुष्यात कुठल्याही डॉक्टरला, मास्तरला, वखारीच्या शेठला उलट प्रश्न विचारला नव्हता. तिने "व्हय साहेब" म्हटलं असतं, घरी येऊन डबी देव्हाऱ्यामागे ठेवली असती, आणि सोडायचा प्रयत्न केला असता. जमलं असतं की नाही, कुणी सांगावं. पण डॉक्टरांनी सांगितलंय, हे तिने शेजारणींना नक्की सांगितलं असतं. ज्या प्रश्नाला ते भ्यायले तो प्रश्न तिच्या तोंडून कधी येणारच नव्हता.

अलीकडे बदल होतो आहे, तो दिसतोही. गावाकडे तंबाखूची बरीच जमीन उसाने घेतली. पुड्यांवर गालाच्या कॅन्सरची मोठी चित्रं आली. गुटखा महाराष्ट्राने २०१२ मध्ये बंद केला आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये. मधले दहा-एक महिने कोगनोळी नाक्याच्या त्या बाजूला जो गुन्हा तो या बाजूला धंदा होता, त्या वर्षी आमच्या ओपीडीत कागलकडची पोरं विचारायची, "सिस्टर, एवढं वाईट असतं तर तुमच्याकडे कसं मिळतंय?" मला उत्तर देता आलं नाही. मिश्रीला मात्र कसली बंदी. ती घरच्या तव्यावर भाजली जाते, तिच्या पुडीवर चित्र नाही, आणि ती लावणारीला कुणी विचारत नाही.

आता मी विचारते. "व्यसन आहे का" हा प्रश्न मी टाकून दिला आहे. "मिश्री दिवसातून किती वेळा लावता?" एवढंच, आणि सहज आवाजात, भाकरी किती खाता विचारावं तसं. मग उत्तर खरं येतं. तीन वेळा. पाच वेळा. झोपताना गालात धरूनच झोपते बाई, त्याशिवाय डोळा लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक नवीन इंटर्न आला, हुबळीकडचा, कामाला चांगला पोरगा. ड्युटी संपली की गेटबाहेरच्या टपरीवर ओढायचा. कपड्यांना वास यायचा. एक दिवस अक्कोळची एक आज्जी गुडघेदुखीसाठी आली होती. माझी मिश्रीची चौकशी ऐकून तो कागद घेऊन माझ्याकडे आला.

"सिस्टर, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? स्मोकिंग नाही, अल्कोहोल नाही."

"रकाना नसला तर बाजूला लिहा. मराठीत लिहा. पण लिहा."

त्याने लिहिलं. मग थोडा वेळ घुटमळला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी सांगितलेलं तिला चालेल का? त्यांना माझ्या अंगाचा वास येत असेल."

"येतो," मी म्हटलं. "तरी सांगा. आणि त्यांनी विचारलं तर खरं सांगा."

तो आज्जीच्या पुढ्यात स्टूल ओढून बसला. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "आज्जी, तोंड बघू काय?" ती लाजली, पदराने ओठ पुसले. मी तिची खुर्ची खिडकीकडे वळवली, ट्यूबलाइटपेक्षा तो उजेड बरा. त्याने टॉर्च धरला, मी गाल बोटाने बाजूला केला. हिरड्या काळ्या. डाव्या गालात, मागच्या दाढेजवळ, नखाएवढा पांढरट डाग. पुसून पाहिला, गेला नाही. गाठ नव्हती, जखम नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तो डेंटलला पाठवायची चिठ्ठी लिहायला लागला. आज्जी चिठ्ठीकडे बघत म्हणाली, "गुडघ्याचं काय झालं मग?"

"ते पण बघतो, आज्जी," तो म्हणाला. "आधी हे."